कोण गप्प झालं?

माझ्याकडून एक चूक झाली.

हे वाक्य मी लिहिलं आणि खोडलं. चीफ शेजारी असते तर त्यांनीच खोडायला लावलं असतं. "चूक काय रस्त्यानं चालली होती, आणि तुझ्याकडून होऊन गेली? कर्ता कुठाय?" असं म्हणाले असते. तेव्हा पुन्हा लिहितो.

तीन वर्षांपूर्वी दक्षिण टांझानियातल्या एका जंगलात, तान्ह्या पिल्लाची हत्तीण पंचवीस पावलांवर असताना, बजावून सांगितलेलं असूनही मी उघड्या गाडीत उभा राहिलो. आणि नंतर 'कोण उभं राहिलं?' असं विचारलं गेलं तेव्हा मी गप्प बसलो. त्याची शिक्षा चीफनी भोगली.

चीफ म्हणजे चीफ इंजिनिअर. मूळचे देवगडकडचे. उभा जन्म मालवाहू जहाजांच्या इंजिन रूममध्ये काढला आणि निवृत्त झाल्यावर सिंगापुरातच राहिले. का, तर ईस्ट कोस्टच्या त्यांच्या फ्लॅटच्या खिडकीतून नांगर टाकलेली जहाजं दिसतात. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. आम्ही त्यांना ओळखायला लागलो तेव्हा सत्तरी जवळ आली होती. इथली मराठी मंडळी त्यांना चीफ म्हणायची, माझी बायको मेधा काका म्हणायची. ते मला 'मॅनेजर' म्हणायचे. मी बुओना व्हिस्टाला एका सॉफ्टवेअर कंपनीत खरोखरच मॅनेजर आहे, पण त्यांच्या तोंडी तो शब्द पदवीसारखा न वाटता आजारासारखा वाटायचा.

ते पहिल्यांदा आमच्या घरी आले त्या दिवशी माझ्या मुलीच्या हातून कप पडला. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. मी म्हणालो, "असू दे, कप फुटला."

"कप फुटत नसतो," चीफ म्हणाले. "कप फोडतात."

आम्ही अवघडलो. मुलीनं मात्र त्यांच्याकडे नीट पाहिलं, खांदे उडवले आणि इथल्या पोरांसारखा शेवटी 'लाह' जोडून म्हणाली, "ओके लाह. आय ब्रोक इट."

चीफ खुर्चीतून उठले आणि त्यांनी तिच्याशी हस्तांदोलन केलं. "बापापेक्षा शहाणी आहेस," म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "आपली भाषा फार सोयीची आहे, मॅनेजर. आपल्यात कुणी काही करतच नाही. दूध उतू जातं. किल्ली हरवते. फोन करायचा राहून जातो. माझ्या हाताखालच्या एका पोरानं लॉगबुकात लिहिलं होतं, 'पंप बंद पडला.' मी विचारलं, पडला की पाडलास? दोन दिवस झोपला नाही तो. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, मी व्हॉल्व्ह उघडा ठेवला. त्यानंतर झोपला."

त्यांच्या वरच्या खिशात लाकडी मुठीचा एक लांब स्क्रू ड्रायव्हर असायचा. त्याचं टोक यंत्राला लावायचं आणि मूठ कानाच्या हाडाला. आत काय चाललंय ते कळतं म्हणायचे. त्याच दिवशी त्यांनी आमच्या फ्रिजची अशी तपासणी केली आणि डॉक्टरच्या आवाजात म्हणाले, "दोन महिने." मेधा हसली. सातव्या आठवड्यात फ्रिज गेला. तेव्हापासून मेधा त्यांना वॉशिंग मशीनच्या जवळ फिरकू देत नसे.

कपडे बारा महिने एकच, करड्या टेरीकॉटची सफारी. चार खिसे, खांद्यावर पट्ट्या. देवगडच्या एका शिंप्याकडून एकदम सहा शिवून आणलेल्या. आपल्याकडे एकेकाळी बँकेतले साहेब घालायचे तसली. रॅफल्स प्लेसच्या उकाड्यात, काळ्या सुटांच्या गर्दीत ते त्या सफारीत उभे असले की लोक वळून बघायचे. आणि त्याच सफारीत ते दरवर्षी सफारीला जायचे. तिथल्या त्या महागड्या मातकट कपड्यांतल्या पाहुण्यांमध्ये ते एकटेच मला जंगलातले वाटायचे.

हे जंगल त्यांना सापडलं ते एका मोडक्या जहाजामुळे. तरुणपणी त्यांचं जहाज दार-एस-सलामला दुरुस्तीसाठी अडकलं. काम काही आठवडे चाललं. तिथल्या वर्कशॉपमधला एक फिटर त्यांना आपल्या भावाकडे घेऊन गेला. भाऊ दक्षिणेकडच्या जंगलात नदीकाठच्या एका कॅम्पवर पाहुण्यांची गाडी चालवायचा. चीफ दोन दिवसांसाठी गेले आणि जहाज निघेपर्यंत राहिले. पुढे प्रत्येक मोठी रजा तिथेच. त्या भावाचा मुलगा एलिया त्यांच्या डोळ्यांदेखत मोठा झाला आणि बापाच्या जागी त्याच कॅम्पवर गाइड झाला. निवृत्तीनंतर चीफ दरवर्षी इथली पाचसहा मराठी माणसं घेऊन त्याच्याकडे जायचे. एकच कॅम्प, एकच नदी, एकच एलिया. "दुसरीकडे जाऊ या की, चीफ," असं कुणी म्हटलं तर ते विचारायचे, "तू दरवर्षी आई बदलतोस?"

पण त्यांच्याबरोबर जायचं तर आधी बसचे धडे घ्यावे लागत.

रविवारी सकाळी ईस्ट कोस्टवरून शहराकडे जाणाऱ्या दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या काचेशी ते आम्हाला बसवायचे. दोन्ही बाजूंनी पर्जन्यवृक्षांच्या फांद्या काचेला घासून जायच्या. "ही आपली गाडी," चीफ सांगायचे. "बोट दाखवायचं नाही. नाव घेऊन ओरडायचं नाही. गाडीचं नाक बारा वाजता. काय दिसलं ते घड्याळानं सांगा, हळू आवाजात." एका नवख्या माणसाला त्यांनी विचारलं, "दोन वाजता काय आहे?" तो म्हणाला, "जेवण."

बसमध्ये उभं राहायला सक्त बंदी. वरच्या मजल्यावर उभं राहू नये अशी पाटी तिथे असतेच, चीफना ती स्वतःसाठी लावल्यासारखी वाटायची. "जनावराला गाडी वेगळी आणि आपण वेगळे असं दिसत नाही," ते म्हणायचे. "त्याला दिसतं एकच मोठं, डिझेलच्या वासाचं, रोज येऊन निमूट परत जाणारं जनावर. त्यानं ते खपवून घेतलंय. तू उभा राहिलास की त्या जनावराला एकदम डोकं फुटतं. मग ते ओळखीचं राहत नाही."

मग धड्याचा शेवटचा भाग. ईस्ट कोस्ट पार्कात एका बाकावर वीस मिनिटं न बोलता बसायचं. समोर समुद्र, मागे सायकली, कुठून तरी हॉकर सेंटरच्या, म्हणजे इथल्या खाऊगल्लीतल्या कढयांचा आवाज. काय ऐकू येतंय ते चीफ कधीच विचारायचे नाहीत. मध्येच डोळे मिटल्या मिटल्या विचारायचे, "कोण गप्प झालं?"

आम्ही गोंधळायचो. मग लक्षात यायचं की मघापासून घुमणारी कबुतरं थांबलीत, आणि गवतातून एक घोरपड सरपटत चाललीय.

"इंजिन रूममध्ये आवाज ऐकायचा नसतो," चीफ म्हणायचे. "आवाज तर चोवीस तास असतो. थांबलेला आवाज ऐकायचा."

त्यांचे कान तेव्हाच अर्धे गेले होते. बारीक आवाज मशीननं खाल्ले, जाडे शिल्लक आहेत, असं सांगायचे. दारावरची घंटा त्यांना ऐकू येत नसे. पण खाली तळघरातली पाण्याची मोटर बदलली तर नवव्या मजल्यावर त्यांची झोप उडायची.

जंगलातली ती पहिली सकाळ मी विसरणार नाही. पहाटेची थंडी, मांडीवर कांबळं, धुरकट चहा. एलिया गाडी चालवत होता, चीफ त्याच्या शेजारी. एलिया मोजकं बोलणारा, चाळिशीचा माणूस. चीफना तो 'बाबा' म्हणायचा. दोघांचं बोलणं स्वाहिलीत चालायचं आणि त्यात मध्येच 'गारी', 'हवा', 'दवा' असे ओळखीचे शब्द निसटताना ऐकून मला गंमत वाटायची. सूर्य वर आला. झुडपाझुडपांतून होले घुमत होते, एकसारखे, पंख्यासारखे. अर्धा तास गेला, एक हरीणसुद्धा दिसलं नाही. मी घड्याळ पाहिलं. मी कुठेही घड्याळ पाहतो.

चीफनी हात वर केला. एलियानं इंजिन बंद केलं.

"कोण गप्प झालं?" चीफ पुटपुटले.

डावीकडचे होले थांबले होते. उजवीकडचे घुमतच होते. एलिया हसला आणि त्यानं चावीवरून हात काढून घेतला. आम्ही बसून राहिलो. किती वेळ ते सांगता येत नाही, कारण मी घड्याळ पाहिलं नाही. मग डावीकडचं पिवळं गवत न हलता दुभंगलं आणि त्यातून सिंहीण बाहेर आली. ती थेट गाडीकडे चालत आली. माझ्या बाजूच्या चाकापाशी आली. तिच्या खांद्याची हाडं कातडीखाली वर-खाली होताना दिसत होती. कानाला गोचीड होती. तिनं मान वर केली. मला वाटलं होतं ती माझ्याकडे पाहील. तिनं माझ्यातून पलीकडे पाहिलं. मी तिथे नव्हतोच. आणि मला त्याचं इतकं बरं वाटलं, की डोळ्यांत पाणी आलं. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच मी कुणाच्या मोजदादीत नव्हतो.

त्या दिवशी चीफनी मला आपलं लॉगबुक दाखवलं. कापडी पुठ्ठ्याच्या वह्या, देवनागरीत टाकानं आखल्यासारखं बारीक अक्षर. प्रत्येक फेरीची वेळ, वारा, ऊन, आणि काय पाहिलं. फोटो ते काढत नसत. 'आज बिबळ्या दिसला नाही' असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. लिहिलं होतं, 'आज आम्ही बिबळ्या पाहू शकलो नाही.'

"तो होताच," चीफ म्हणाले. "कमी आपण पडलो."

मी तीन वर्षं त्यांच्याबरोबर गेलो. तिसऱ्या वर्षी ते घडलं. नाही, मी केलं.

त्या दुपारी मेधाचं पोट बिघडलं होतं, ती कॅम्पवर राहिली. बाकीचे चौघं दुसऱ्या गाडीतून पाणवठ्याकडे गेले. आमच्या गाडीत पुढे एलिया आणि चीफ, आणि सगळ्यांत मागच्या, उंच बाकावर मी एकटा. ती जागा मीच मागून घेतली होती, तिथून दूरवरचं चांगलं टिपता येतं म्हणून. वाळक्या ओढ्याच्या वळणावर हत्तींचा कळप लागला. सतरा-अठरा असतील. एलियानं गाडी थांबवली, इंजिन बंद केलं. हत्ती आमच्या दोन्ही बाजूंनी निघून जाऊ लागले, जणू आम्ही एखादा खडक आहोत. एवढी मोठी जनावरं, पण पावलांचा आवाज नाही. नुसती कातडीला कातडी घासल्याची सळसळ आणि फांद्या मोडल्याचा आवाज.

मागून एक हत्तीण आली. तिच्या पोटाखाली पिल्लू होतं, फार तर आठवड्याचं. त्याला सोंडेचं काय करायचं ते कळत नव्हतं. ते आपल्याच सोंडेवर पाय देऊन अडखळत होतं. मी फोन धरला. आईच्या पायांआड ते दिसेना. मुलीला हे दाखवायचंच, एवढंच माझ्या मनात होतं.

मी उभा राहिलो.

चीफनी मागे न वळता, अगदी खालच्या आवाजात म्हटलं, "बस." मी ते ऐकलं. अजून एक सेकंद, असं मला वाटलं.

हत्तिणीनं कान पसरले. मग ते मागे घेतले, सोंड आत वळवली, डोकं खाली घातलं आणि ती निघाली. धावताना ती मोठी होत गेली. एलियानं गाडी सुरू करून मागे घेतली आणि मागचं चाक कुठल्याशा बिळात फसलं. मी बाकावर आदळलो. एलिया दोन्ही हातांनी दारावर थापा मारत तिला ओरडून काही सांगत होता. एक सुळा दिव्यात घुसला, काच फुटली, नाही, तिनं ती फोडली. बॉनेट पत्र्याच्या डब्यासारखं चेपलं. आणि ती थांबली.

तिचं कपाळ बॉनेटच्या वर होतं. चीफ तिच्यापासून हातभर अंतरावर. एलियानं हात खाली घेतले. कुणी हललं नाही. तिच्या पापण्यांचे केस मला मागच्या बाकावरून दिसत होते. मग माझ्या छातीत काहीतरी हलू लागलं. आवाज नव्हता तो. आवाजाच्या खालचं काहीतरी होतं. गाडीचा पत्रा, बाक, माझे दात, सगळं बारीक थरथरत होतं. चीफनी हळूच आपला तळवा दारावर टेकला. त्यांचा चेहरा मला बाजूनं दिसत होता. देवळात आरती संपल्यावर लोक जसे उभे असतात, तसा चेहरा.

"डेड स्लो," ते पुटपुटले. मोठ्या जहाजाचं इंजिन बंदरात शिरताना अगदी सावकाश फिरतं, त्याला ते तसं म्हणायचे.

ती पिल्लाला बोलावत होती. पिल्लू आलं, तिच्या पुढच्या पायाला टेकलं. तिनं सुळा सोडवून घेतला आणि वळून निघून गेली. होले पुन्हा घुमायला लागले तेव्हा मला कळलं की ते मघापासून थांबले होते.

कॅम्पची मॅनेजर एक गोरी, पन्नाशीची बाई होती. कडक होती, पण वाईट नव्हती. जेवणाच्या मंडपात तिनं आम्हाला तिघांना बसवलं. समोर छापील कागद. तिथला नियम साधा होता. गाइडनं गाडी फार जवळ नेली असेल तर त्याला गाडीवरून उतरवायचं. पाहुण्यानं सांगूनही ऐकलं नसेल, तर त्या पाहुण्याला पुन्हा कॅम्पवर घ्यायचं नाही.

"एलिया म्हणतो की पाहुणा उभा राहिला," ती म्हणाली. "कोण ते तो सांगत नाही. कोण उभं राहिलं?"

एलिया जमिनीकडे पाहत होता. नाव घेणं त्याच्या रीतीत बसत नव्हतं. मी पाण्याचा ग्लास उचलला. तोंड उघडायला मला काहीही अडचण नव्हती. फक्त मला वाटलं, बाहेर मेधा आहे, बाकीचे आहेत, सिंगापूरला गेल्यावर सगळ्यांना कळेल. पुढच्या वर्षी मी मुलीला आणणार होतो. आधी पाणी पिऊ, मग सांगू.

चीफनी मान किंचित तिरपी केली होती. बाकावर बसून ऐकताना करायचे तशी. ते वाट पाहत होते. किती वेळ, ते मला माहीत आहे, कारण त्या वेळी मी समोरच्या खांबावरच्या घड्याळाकडे पाहत होतो. चाळीस सेकंद. उत्तरासाठी ते इतके कधीच थांबत नसत.

मग ते इंग्रजीत म्हणाले, "मी उभा राहिलो. एलियानं मला बस म्हटलं, मी बसलो नाही."

बाईला आश्चर्य वाटलेलं दिसलं. तिनं लिहून घेतलं. चीफनी सही केली. निघताना एलियानं दोन्ही हातांत त्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग त्यानं मान वर करून माझ्यातून पलीकडे पाहिलं.

परतीच्या विमानात मी चीफना म्हणालो, "चीफ, ते जरा... तसं व्हायला नको होतं."

"हं," ते म्हणाले आणि खिडकीकडे वळले.

चीफ पुन्हा त्या जंगलात गेले नाहीत. दुसऱ्या कॅम्पवर कुणीही घेतलं असतं, पण त्यांना आई बदलायची नव्हती. बसचे धडे बंद झाले. आणि इथे एक विनोद सुरू झाला. गणपतीच्या कार्यक्रमात चीफ आरतीसाठी उठले तर कुणीतरी मागून म्हणालं, "बसा चीफ, हत्तीण येईल!" हास्याचा फवारा उडाला. मग तो विनोद रुळलाच. दिवाळीच्या फराळाला, कुणाच्या मुंजीला, लिफ्टसाठी ते खुर्चीतून उठले तरी. "दुनियेला शिकवायचं आणि स्वतः उभं राहायचं!" मेधाही म्हणायची, "काकांकडून ही अपेक्षा नव्हती. एलियाचा जीव गेला असता." लहान पोरं म्हणायची, "अंकल, सिट डाउन लाह, एलिफंट कमिंग!" चीफ हसायचे आणि खरोखरच खाली बसायचे.

आणि मी हसायचो. पहिल्या वेळी ओठांनी, नंतर नंतर मोकळेपणानं. मला वाटतं, हे माझं उभं राहण्यापेक्षा वाईट होतं.

गेल्या महिन्यात चीफनी देवगडला कायमचं जायचं ठरवलं. जाडे आवाजही आता जाऊ लागले होते. दोन्ही कानांत यंत्रं बसवली होती, त्यांना ते 'स्पेअर पार्ट' म्हणायचे. घर आवरताना त्यांनी लॉगबुकांचा गठ्ठा माझ्या मुलीला पाठवला. ती आता चौदा वर्षांची आहे. मराठी अडखळत वाचते, पण वाचते. एका संध्याकाळी जेवताना ती वही घेऊन आली.

"बाबा, चीफ अंकलनी इथे ब्लँक ठेवलंय. हू इज दिस?"

मी पाहिलं. त्या दिवसाची नोंद. वेळ, वारा, ऊन. आणि खाली त्याच टाकानं आखल्यासारख्या अक्षरात:

'हत्तीण समोर असताना ............ गाडीत उभा राहिला.'

कर्त्याच्या जागी टिंबं होती. बाईच्या कागदावर ते माझ्यासाठी खोटं बोलले होते. लॉगबुकात त्यांना खोटं लिहवलं नव्हतं, आणि माझं नावही त्यांनी लिहिलं नव्हतं. जागा सोडून ठेवली होती. एखाद्यानं येऊन भरावी म्हणून.

मी तिथेच, पोळीचा घास हातात असताना, मेधाला आणि मुलीला सांगितलं. मुलगी म्हणाली, "सो ऑल दिस टाइम...?" आणि वही छातीशी धरून आत गेली. मेधानं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "तीन वर्षं मी त्या माणसाला नावं ठेवली. तू समोर बसून ऐकलंस."

"मला सांगता आलं नाही ग."

"सांगता आलं नाही?" ती म्हणाली. चीफ शिरले होते तिच्यात.

"मी सांगितलं नाही," मी म्हणालो.

त्याच आठवड्यात मी कॅम्पला पत्र लिहिलं. काय घडलं, कोणी केलं, सगळं. बाई अजून तिथेच होती. तिचं उत्तर दोन ओळींचं आलं. चीफनी कधीही यावं, आणि मी कधीही येऊ नये. शिवाय एलियानं 'बाबांना' नमस्कार सांगितला होता. मी ते छापून खिशात ठेवलं. मेधानं बजावलं, "हे आधी देऊ नकोस. आधी तोंडानं बोल. लाच नको."

रविवारी सकाळी मी चीफना बसस्टॉपवर बोलावलं. ते करड्या सफारीत आधीच येऊन बसले होते.

"सॉरी, चीफ, उशीर झाला."

"झाला?"

"मी केला."

"किती?"

मी घड्याळ पाहिलं. दहा मिनिटं. पण खरं उत्तर ते नव्हतं, म्हणून मला ते सांगवेना, आणि बस आली.

वरच्या मजल्यावर पुढच्या काचेशी आम्ही बसलो. फांद्या घासून जात होत्या. मी वही काढली, ते पान उघडलं. आदल्या दिवशी मी तिथे लिहिलं होतं. टिंबांवर 'मी'. मग 'राहिला' चुकीचं झालं होतं. तेही दुरुस्त केलं. फार करावं लागलं नाही. 'ला'च्या डोक्यावर एक मात्रा, बस. एवढ्याशा रेघेला मला तीन वर्षं लागली होती.

मी वही त्यांच्यापुढे धरली. मनात आशा, की वाचतील आणि काही बोलावं लागणार नाही.

"चष्मा नाही आणला," चीफ म्हणाले. "वाच."

मी पुटपुटलो.

त्यांनी कानातल्या यंत्राला बोट लावलं. "बसचा आवाज आहे. ऐकू येत नाही. मोठ्यानं."

मी त्यांच्याकडे वाकून पुन्हा म्हणालो. बस वळली, इंजिन गुरगुरलं, त्यांनी मान हलवली. नाही. तेव्हा मी पुढची दांडी धरून उठलो, त्यांच्या समोर तोंड करून, त्यांना माझे ओठ दिसतील असा.

मागच्या बाकावरच्या चिनी आजीबाई लगेच म्हणाल्या, "अंकल! अप्पर डेक कॅनॉट स्टँड लाह!"

"बस," चीफ म्हणाले. "हत्तीण येईल." ते हसत नव्हते. मान किंचित तिरपी करून ते माझ्याकडे पाहत होते. वाट पाहत होते.

"हत्तीण समोर असताना मी गाडीत उभा राहिलो," मी ओरडून वाचलं. सगळा वरचा मजला गप्प झाला. "तुम्ही नाही, चीफ. मी. तुम्ही बस म्हणालात ते मी ऐकलं होतं. तिनं विचारलं तेव्हा मी गप्प बसलो. लोक तुम्हाला हसले तेव्हा मी हसलो. तुमचं जंगल मी तुमच्यापासून तोडलं. मला माफ करा."

मग मी बसलो आणि खिशातला कागद काढला.